पाच डोमेन, एकच वेबसाइट: सगळी नावं एका पत्त्यावर कशी वळवायची

माझा मावसभाऊ देवगडला हापूस विकतो, स्वतःच्या बागेतला आणि वाडीतल्या आणखी तीन-चार जणांचा. त्याच्याकडे डोमेन आहेत पाच. मला आधी वाटलं एवढी कशाला घेतली याने, पण बसून बघितलं तर प्रत्येकामागे कारण होतं. हापूस हा शब्दच इंग्रजी अक्षरांत लोक तीन तऱ्हांनी लिहितात, कोणी 'एच'नंतर एक 'ए' लावतं, कोणी दोन, आणि कोणी 'यू'च्या जागी दोन 'ओ' टाकतं. हे दुखणं बहुतेक मराठी नावांना आहेच, लक्ष्मी 'एक्स'ने लिहायचं की 'के-एस-एच'ने, फडके 'एफ'ने की 'पीएच'ने, फोनवर दरवेळी स्पेलिंग सांगत बसावं लागतं आणि तरी समोरचा चुकीचंच टाइप करतो. म्हणून त्याने तिन्ही स्पेलिंगं घेऊन ठेवली, त्यातल्या एकाचं डॉट कॉम आधीपासून होतं त्यावर जुनी साइट आणि ईमेल, त्याच नावाचं डॉट इन नवीन, आणि एक देवनागरीतलं डॉट भारत.

आता ही पाचही नावं कोणीही टाकली तरी माणूस एकाच साइटवर यायला हवा, एवढं साधं काम. पण पहिल्यांदा करताना माझे चार दिवस गेले कारण जिथे तिथे अर्धीच माहिती मिळत होती, म्हणून सगळं एका जागी लिहितोय. कोडिंग येत नसलं तरी चालेल.

आधी वही घ्या

खरंच कागदावर लिहा. सगळी डोमेन एकाखाली एक, आणि प्रत्येकापुढे चार गोष्टी: कुठून विकत घेतलंय, कधी संपतंय, नेमसर्व्हर कोणाचे आहेत (म्हणजे त्या नावाच्या सगळ्या नोंदी कोणाच्या सर्व्हरवर ठेवल्यात), आणि त्या नावावर ईमेल चालू आहे का. हा चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आहे, का ते पुढे सांगतो.

मग मुख्य पत्ता ठरवा. नुसतं 'आमचं डॉट इन' असं नाही, पूर्ण पत्ता ठरवायचा, म्हणजे एचटीटीपीएस लावून, आणि पुढे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असणार की नसणार तेसुद्धा. ब्राउझरच्या आणि गुगलच्या दृष्टीने डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेला आणि नसलेला हे दोन वेगळे पत्ते आहेत. दोन्हीपैकी कुठलाही चालतो, पण एक धरला की तोच पेटीवर, तोच कार्डावर, तोच व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रोफाइलमध्ये. आम्ही डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नसलेला डॉट इन धरला.

नेमकं होतं काय, हे कळलं की अर्धं काम झालं

समजा तुमचं दुकान बाजारपेठेतून एसटी स्टँडजवळ हलवलंय. जुन्या गाळ्याच्या शटरवर तुम्ही पाटी लावता, 'दुकान स्टँडजवळ हलवले आहे'. गिऱ्हाईक आधी जुन्या गाळ्यापर्यंत येतं, पाटी वाचतं, मग नव्या जागी जातं. रिडायरेक्ट म्हणजे ती पाटी.

डीएनएस म्हणजे गिऱ्हाइकाला त्या गाळ्यापर्यंतचा रस्ता सांगणारा माणूस. तो फक्त एवढंच सांगतो की या नावाचा सर्व्हर अमुक आयपी नंबरवर आहे. पाटी लावणं त्याचं काम नाही, त्याला ते येतच नाही. नवीन माणूस इथेच अडकतो. डीएनएसमध्ये जाऊन जुन्या नावाचा ए रेकॉर्ड (नावापुढे आयपी नंबर लिहिलेली नोंद) किंवा सीनेम रेकॉर्ड (नावापुढे दुसरं नाव लिहिलेली नोंद) मुख्य साइटकडे करतो आणि समजतो झालं. मग काय होतं, ब्राउझर येतो मुख्य साइटच्या सर्व्हरवर, पण विचारतो जुन्याच नावाने, की 'मला अमुक डॉट कॉम दाखव'. सर्व्हरला ते नाव माहीतच नसतं, मग तो होस्टिंग कंपनीचं कोरं पान दाखवतो किंवा ब्राउझर लाल अक्षरांत सांगतो की हे कनेक्शन सुरक्षित नाही. काही वेळा साइट दिसतेसुद्धा, पण वर पत्ता जुनाच राहतो, म्हणजे एकच साइट दोन नावांनी चालू झाली, आणि गुगलला कळत नाही खरी कुठली.

तर दोन गोष्टी लागतात. एक, जुन्या नावाचा रस्ता अशा सर्व्हरकडे जायला हवा जो उत्तर द्यायला तयार बसलाय. आणि दोन, त्या सर्व्हरने उत्तर म्हणून साइट न देता पाटी दाखवायला हवी.

आणि तिसरी गोष्ट, जी लोक हमखास विसरतात. एचटीटीपीएसने येणारं गिऱ्हाईक पाटी वाचण्याआधी ओळखपत्र मागतं. म्हणजे जुन्या नावाचंसुद्धा स्वतःचं एसएसएल सर्टिफिकेट असावंच लागतं, नुसतं रिडायरेक्ट करायचं असलं तरी. मुख्य साइटच्या सर्टिफिकेटमध्ये जुनं नाव घातलेलं नसेल तर ते जुन्या नावाला चालत नाही. पूर्वी हे एवढं जाणवायचं नाही कारण नुसतं नाव टाइप केलं की ब्राउझर आधी साध्या एचटीटीपीने जायचा. पण २०२१ मध्ये क्रोमची ९० वी आवृत्ती आली तेव्हापासून तो आधी एचटीटीपीएसच करून बघतो. आणि लोकांनी सेव्ह केलेल्या, फॉरवर्ड केलेल्या जुन्या लिंक तर एचटीटीपीएसच्याच असतात. डॉट अ‍ॅप आणि डॉट डेव्ह या नावांना तर ब्राउझर एचटीटीपीएसशिवाय उघडतच नाहीत.

३०१ की ३०२

पाटीवर एक आकडा असतो. ३०१ म्हणजे कायमचं हलवलं. ३०२ म्हणजे तात्पुरतं. ३०७ आणि ३०८ पण आहेत, ३०७ तात्पुरतं, ३०८ कायमचं, फरक एवढाच की फॉर्म भरून पाठवलेली माहिती वाटेत जशीच्या तशी पुढे जाते. साध्या वेबसाइटला ३०१ पुरे.

पण एक सांगतो, पहिल्या दिवशी ३०१ लावू नका. ब्राउझर ३०१ लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी जुन्या सर्व्हरला न विचारताच परस्पर जातो. तुमचा नियम चुकला असेल आणि नंतर दुरुस्त केलात तरी ज्यांनी आधी उघडलं त्यांच्या फोनमध्ये चुकीची वाट बसलेली असते, ती तुम्ही इथून काढू शकत नाही. म्हणून आधी ३०२ लावा, सगळं तपासा, दोन दिवस जाऊ द्या, मग तोच नियम ३०१ करा. ३०१ ने गुगलमधली जागा घसरते अशी भीती लोकांना असते, पण गुगलच्या गॅरी इलियसने २०१६ मध्येच स्पष्ट केलंय की ३०० च्या मालिकेतल्या रिडायरेक्टने पेजरँक, म्हणजे गुगल पानाला देतं ते वजन, कमी होत नाही.

ईमेलचा रकाना

आता तो चौथा रकाना. आम्ही जुन्या डॉट कॉमचे नेमसर्व्हर बदलले, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे पेट्या निघायला लागलेल्या. नवीन जागी वेबसाइटचा रेकॉर्ड टाकला, रिडायरेक्ट छान चालू झालं, मी खूश. ईमेल त्याच नावावर होतं आणि त्याचे एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे मेल कुठे पोचवायचा त्याच्या नोंदी, जुन्या नेमसर्व्हरवर होत्या हे माझ्या डोक्यातच आलं नाही. नेमसर्व्हर बदलला म्हणजे त्या नावाची सगळीच वही बदलली, जे नवीन वहीत लिहिलं नाही ते जगाच्या दृष्टीने नाहीच. दीड दिवस ईमेल आलं नाही, आणि भावाला वाटत होतं यंदा ऑर्डर कमी आहेत. पुण्याच्या एका दुकानदाराने फोन केला की अहो मेल परत येतोय तुमचा, तेव्हा कळलं. चूक पूर्ण माझी होती आणि सीझनच्या दिवसांत अशी चूक फार महाग पडते.

म्हणून नेमसर्व्हरला हात लावण्याआधी जुन्या जागेच्या डीएनएस पानाचा स्क्रीनशॉट घ्या, पूर्ण, खाली स्क्रोल करून. एमएक्स रेकॉर्ड, टीएक्सटी रेकॉर्ड (यातच एसपीएफ असतो, म्हणजे या नावाने मेल कोण पाठवू शकतं त्याची यादी), आणि नावात 'डोमेनकी' असा शब्द असलेला रेकॉर्ड असतो तो डीकेआयएमचा, म्हणजे मेलवरच्या सहीचा, हे सगळे नवीन जागी आधी भरा, आणि मगच नेमसर्व्हर बदला. नवीन सेवा बऱ्याचदा जुने रेकॉर्ड आपोआप शोधून आणते, पण सगळे सापडतीलच असं नाही, डीकेआयएमचा तर हमखास राहतो. स्क्रीनशॉटशी एकेक ओळ ताडून बघा.

नेमसर्व्हर बदलल्यावर डॉट कॉमच्या बाबतीत ४८ तासांपर्यंत काही लोक जुन्या जागी जाऊ शकतात, त्यामुळे जुन्या जागेवरचं लगेच काही पुसू नका. नेमसर्व्हर न बदलता फक्त ए रेकॉर्ड बदलणार असाल तर आदल्या दिवशी त्याचा टीटीएल (नोंद किती सेकंद लक्षात ठेवायची तो आकडा) ३०० करून ठेवा, म्हणजे बदल पाच मिनिटांत पसरतो.

पहिली वाट: डोमेन जिथून घेतलं तिथलंच फॉरवर्डिंग

जवळपास सगळ्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपन्यांकडे, 'डोमेन फॉरवर्डिंग' किंवा 'यूआरएल फॉरवर्डिंग' असतं, मुख्य पत्ता टाकायचा, आधी टेम्पररी आणि तपासून झालं की पर्मनंट निवडायचं, सेव्ह. पाच मिनिटांचं काम आहे. कधीच साइट नसलेल्या नावांना, म्हणजे आमच्या त्या दोन जादा स्पेलिंगांसारख्या, हे चालू शकतं. पण तीन गोष्टी आधी बघा.

एक, एचटीटीपीएसने उघडतं का. बऱ्याच ठिकाणी नाही उघडत, किंवा त्याचे वेगळे पैसे मागतात.

दोन, 'मास्किंग' किंवा 'फॉरवर्ड विथ मास्क' असा पर्याय दिसेल, तो घेऊ नका. त्यात जुन्या नावाचं पान तसंच राहतं आणि तुमची साइट आत एका चौकटीत दाखवली जाते. वर पत्ता कधी बदलत नाही, कोणी आंब्याच्या एखाद्या पानाची लिंक पाठवायला गेलं तर होमपेजचीच जाते, आणि पेमेंटचं पान चौकटीत अडकून बसतं.

तीन, आणि हे आमच्या अंगाशी आलं. पेटीवर क्यूआर कोड छापलेला असतो ना, तो जुन्या डॉट कॉमच्या पुढे स्लॅश आणि पेटी असा होता, म्हणजे स्कॅन केलं की ही पेटी कुठल्या बागेतली, कधी उतरवलेली, पिकायला किती दिवस ठेवायची हे पान यायचं. आम्ही आधी ज्या कंपनीचं फॉरवर्डिंग लावलं ते स्लॅशच्या पुढचं सगळं टाकून देत होतं, कुठूनही या, होमपेजवरच नेऊन सोडायचं. मुंबईत घरी पेटी उघडून बसलेला माणूस क्यूआर स्कॅन करतो आणि समोर काय येतं तर 'आजच ऑर्डर करा'. आणि पेट्या तर दोन हजार छापून झालेल्या. त्यामुळे स्लॅशच्या पुढचा भाग, म्हणजे पाथ, आणि प्रश्नचिन्हाच्या पुढचा भाग, म्हणजे क्वेरी स्ट्रिंग, दोन्ही जसेच्या तसे पुढे जातात की नाही हे तपासल्याशिवाय कुठलीही वाट पक्की करू नका.

दुसरी वाट: सीपॅनेलवालं होस्टिंग

आपल्याकडे छोट्या धंद्यांच्या बऱ्याच साइट सीपॅनेलच्या (होस्टिंग सांभाळायच्या पॅनेलच्या) शेअर्ड होस्टिंगवर असतात, तुमची तशी असेल तर वेगळं काही विकत घ्यायला नको. आधी जुन्या नावाचा ए रेकॉर्ड होस्टिंगच्या आयपीवर करा, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूचा पण. मग सीपॅनेलमध्ये 'डोमेन्स'मध्ये जाऊन ते नाव जोडा. तिथे 'शेअर डॉक्युमेंट रूट' अशी एक खूण असते, ती ठेवली तर नवीन नाव मुख्य साइटच्याच फोल्डरला जोडलं जातं, काढली तर वेगळं फोल्डर होतं. मी काढतो, वेगळं रिकामं फोल्डर असलं की नियमांचा गोंधळ होत नाही.

जोडल्यावर लगेच रिडायरेक्टकडे धावू नका. आधी 'एसएसएल/टीएलएस स्टेटस'मध्ये जाऊन 'रन ऑटोएसएसएल' दाबा आणि जुन्या नावापुढे हिरवं कुलूप येईपर्यंत थांबा. डीएनएस अजून पोचला नसेल तर हे फेल होतं, तासाभराने परत दाबा.

मग 'रिडायरेक्ट्स'. इथे प्रकार आधी 'टेम्पररी' निवडा, तपासून झालं की पर्मनंट. त्याखाली डोमेनची यादी आहे, आणि तिथे सुरुवातीला 'ऑल पब्लिक डोमेन्स' निवडलेलं असतं. ते तसंच ठेवून पुढे गेलात आणि फोल्डर मुख्य साइटचंच असेल तर मुख्य साइटसुद्धा स्वतःकडेच रिडायरेक्ट व्हायला लागते, गोल गोल फिरते आणि ब्राउझर 'टू मेनी रिडायरेक्ट्स' म्हणून थांबतो. यादी उघडा, जुनं नाव एकटं निवडा. पुढे मुख्य पत्ता पूर्ण टाका, एचटीटीपीएससकट. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसाठी 'विथ ऑर विदाउट' ठेवा. आणि खाली 'वाइल्ड कार्ड रिडायरेक्ट'ची खूण करा, त्यानेच पाथ पुढे जातो, ही खूण राहिली तर जुन्या आतल्या पानांच्या लिंक, म्हणजे आमचं ते पेटीचं पान, नव्या जागी पोचतच नाहीत.

हे सगळं मुळात डॉट एचटीअ‍ॅक्सेस नावाच्या फाइलमध्ये लिहिलं जातं. ती फाइल हाताने बदलायची असेल तर आधी कॉपी काढून ठेवा, एक अक्षर चुकलं तरी पूर्ण साइट ५०० एरर देते.

वर्डप्रेसवाल्यांनी प्लगइनच्या नादी लागू नका या कामासाठी. रिडायरेक्शनचे प्लगइन चांगले आहेत, पण ते एकाच साइटच्या आतल्या पानांसाठी, विनंती वर्डप्रेसपर्यंत पोचली तरच त्यांचं चालतं. 'सेटिंग्ज'मध्ये 'जनरल'खाली दोन्ही पत्ते मात्र मुख्य पत्त्याशी अक्षरशः जुळलेले हवेत, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकट.

तिसरी वाट: क्लाउडफ्लेअर, मी शेवटी हीच धरली

क्लाउडफ्लेअर म्हणजे तुमच्या नावाचा डीएनएस सांभाळणारी आणि सर्व्हरच्या पुढे उभी राहून उत्तर देणारी सेवा. ती धरली कारण चार जादा नावं, प्रत्येकाला सर्टिफिकेट, आणि सर्व्हर स्वतःचा सांभाळायचा नाही. फुकटच्या प्लॅनमध्ये होतं. एकेक नाव तिथे जोडायचं, डीएनएस रेकॉर्ड ताडायचे (ईमेल!), मग तिथून मिळालेले दोन नेमसर्व्हर रजिस्ट्रारकडे जाऊन टाकायचे.

आता जुन्या नावामागे खरा सर्व्हर नाहीच, मग ए रेकॉर्डला आयपी कुठला द्यायचा? इथे १९२.०.२.१ टाकतात. हा पत्ता माहितीपत्रकांतल्या उदाहरणांसाठी राखून ठेवलेला आहे, त्यावर कोणाचाही सर्व्हर नसतो, पण आपल्याला चालतं कारण विनंती तिथपर्यंत जातच नाही, क्लाउडफ्लेअर आधीच पाटी दाखवून परत पाठवतो. (टाइप करताना आकडे इंग्रजी हवेत, मराठी कीबोर्ड चालू राहिला तर रेकॉर्ड घेत नाही.) एक रेकॉर्ड @ या नावाने, एक डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूने, आणि दोघांपुढचा ढग केशरी असायलाच हवा. ढग राखाडी राहिला तर ब्राउझर खरोखर त्या आयपीकडे जाईल आणि ताटकळत बसेल.

मग 'रूल्स'मध्ये 'रिडायरेक्ट रूल'. 'ऑल इनकमिंग रिक्वेस्ट्स' निवडा. प्रकार 'डायनॅमिक'. खाली एक सूत्र लिहायचं असतं, घाबरू नका, शब्द एकच आहे, कॉन्कॅट, म्हणजे जोड. कंसात दोन गोष्टी स्वल्पविराम देऊन: पहिली अवतरणचिन्हांत तुमचा मुख्य पत्ता, शेवटी स्लॅश न देता, आणि दुसरी अवतरणचिन्हांशिवाय, एचटीटीपी डॉट रिक्वेस्ट डॉट यूआरआय डॉट पाथ. अर्थ असा की मुख्य पत्ता घे आणि माणूस ज्या पाथवर आला होता तो त्याला चिकटव. शेवटी स्लॅश का नको, तर पाथ स्वतःच स्लॅशने सुरू होतो, दोन स्लॅश झाले की कित्येक साइटवर पान सापडत नाही. 'प्रिझर्व्ह क्वेरी स्ट्रिंग'ची खूण करा, कोड ३०२ ठेवा, डिप्लॉय. सर्टिफिकेट आपोआप येतं, पण काही वेळा काही तास लागतात, तोवर एरर दिसली तर नियम बदलत बसू नका.

मुख्य साइटसुद्धा क्लाउडफ्लेअरमागे असेल तर तिथे एसएसएलचा मोड 'फ्लेक्सिबल' नाही ना ते बघा. फ्लेक्सिबलमध्ये क्लाउडफ्लेअर तुमच्या सर्व्हरशी साध्या एचटीटीपीने बोलतो, सर्व्हर म्हणतो एचटीटीपीएसने ये, तो परत साध्यानेच जातो, आणि परत गोल गोल. सर्व्हरवर सर्टिफिकेट टाकून 'फुल स्ट्रिक्ट' ठेवा.

स्वतःचा सर्व्हर आणि त्यावर एनजिनएक्स हे वेब सर्व्हरचं सॉफ्टवेअर असेल तर थोडक्यात: जुन्या सगळ्या नावांसाठी वेगळा सर्व्हर ब्लॉक, त्यात 'रिटर्न ३०२' (तपासून झालं की ३०१) आणि मुख्य पत्त्याला चिकटून डॉलर रिक्वेस्ट यूआरआय, ज्यात पाथ आणि क्वेरी दोन्ही येतात. सर्टबॉट या प्रोग्रॅमने लेट्स एनक्रिप्ट या संस्थेचं एकच सर्टिफिकेट सगळ्या नावांसाठी घेता येतं, एकात १०० नावं बसतात. रीलोडच्या आधी एनजिनएक्स डॅश टी करून तपासा.

डॉट भारतचं जरा वेगळं

देवनागरीतलं डॉट भारत ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालं, डॉट इन चालवणाऱ्या निक्सीकडेच ते आहे. मला हे नाव मनापासून आवडतं, मावशीला इंग्रजी स्पेलिंग सांगावं लागत नाही, ती बोलते तसं लिहिते आणि साइट उघडते. पण आतून डीएनएसला इंग्रजी अक्षरंच कळतात, म्हणून प्रत्येक देवनागरी नावाचं एक रूपांतरित रूप असतं, त्याला प्युनीकोड म्हणतात, 'एक्सएन' आणि दोन डॅश यांनी सुरू होणारी अक्षरांची रांग. पॅनेलमध्ये देवनागरी नाव घेतलं नाही तर ते रूप टाका. एनजिनएक्समध्ये आणि सर्टिफिकेट घेताना तर तेच लागतं. हे रूप हाताने टाइप करू नका, रजिस्ट्रारच्या पानावरून कॉपी करा. आणि ऱ्हस्व-दीर्घ नीट बघा, वेलांटी बदलली की ते पूर्ण वेगळं डोमेन आहे.

तपासणी

ब्राउझरमध्ये उघडून बघणं पुरत नाही कारण तो जुनं लक्षात ठेवतो. विंडोज १० किंवा पुढचं असेल तर कमांड प्रॉम्प्ट उघडा, पॉवरशेल नको, आणि कर्ल, मग डॅश आणि मोठा आय, मग पूर्ण पत्ता टाकून एंटर मारा. पाच-दहा ओळी येतील, बघायच्या फक्त दोन. पहिल्या ओळीत ३०२ किंवा ३०१ हवं. तिथे २०० आलं म्हणजे पाटी नाही, साइटच उघडतेय. आणि दुसरी 'लोकेशन' अशी सुरुवात असलेली ओळ, तिच्यापुढे मुख्य पत्ता, आणि तुम्ही टाकलेला पाथ तसाच्या तसा.

प्रत्येक नावाचे चार पत्ते होतात, एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकट आणि शिवाय. चार जादा नावांचे १६ आणि मुख्य नावाचे स्वतःचे उरलेले तीन, असे आमचे १९ झाले. १९ च्या १९ तपासा, प्रत्येकापुढे एखादा खरा पाथ लावून, नुसतं होमपेज नाही. कंटाळा येतो, पण बिघाड नेहमी न तपासलेल्यातच असतो, आमचं एका स्पेलिंगचं डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असंच राहिलं होतं.

एका उडीत मुख्य पत्त्यावर यायला हवं, फार तर दोन. जुन्यावरून दुसऱ्या जुन्यावर, तिथून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवर, तिथून मुख्यवर अशी साखळी करू नका. गावाकडे रेंज आधीच कमी, प्रत्येक उडीला वेळ जातो, आणि गुगलचा बॉट दहा उड्यांनंतर नाद सोडतो.

गुगलला सांगायचं कधी

नुसत्या जादा स्पेलिंगांसाठी काही सांगायची गरज नाही. पण जुन्या नावावर खरीच साइट होती आणि ती गुगलमध्ये दिसत होती, तर सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटमालकांसाठीच्या गुगलच्या टूलमध्ये, जुनं आणि नवीन दोन्ही नावं स्वतःची म्हणून सिद्ध करा आणि जुन्याच्या सेटिंग्जमधून 'चेंज ऑफ अ‍ॅड्रेस' करा. त्याआधी ३०२ चे ३०१ झालेले हवेत. ही सूचना १८० दिवस चालते, आणि रिडायरेक्ट किमान वर्षभर ठेवा असं गुगल सांगतं. पेटीवर क्यूआर छापला असेल तर मी म्हणेन कायमच ठेवा. गुगलच्या बिझनेस प्रोफाइलवरचा, इन्स्टाग्रामवरचा, बिलावरचा पत्ताही त्याच दिवशी बदलून टाका.

वळवून झाल्यावर

ज्या नावांवरून ईमेल कधीच पाठवत नाही त्यांनाही कुलूप लावा, नाहीतर कोणीतरी तुमच्या जुन्या स्पेलिंगच्या नावाने गिऱ्हाइकांना पेमेंटची खोटी लिंक पाठवू शकतं. त्या नावावर एक टीएक्सटी रेकॉर्ड, 'व्ही इक्वल टू एसपीएफवन', स्पेस, 'मायनस ऑल', म्हणजे या नावाने कोणीच मेल पाठवत नाही. आणि अंडरस्कोर डीमार्क या नावाने डीमार्कचा एक रेकॉर्ड, पॉलिसी रिजेक्ट, म्हणजे या नावाने खोटा मेल आला तर नाकारा.

आणि रिन्यूअल. साइट हलली की जुन्या डोमेनचे पैसे उगाच भरतोय असं वाटायला लागतं आणि लोक सोडून देतात. डॉट कॉम संपलं की रजिस्ट्रार जास्तीत जास्त ४५ दिवस थांबतो, मग ३० दिवस जादा पैसे भरून सोडवता येतं, मग पाच दिवस आणि मग ते कोणीही घेऊ शकतं. अशी वापरलेली नावं शोधणारे लोक टपून असतात, कारण त्यांच्याकडे येणाऱ्या लिंक तयार असतात, आणि मग तुमच्या पेटीवरचा क्यूआर जुगाराच्या साइटवर उघडतो. पाचही नावांना ऑटो-रिन्यू लावा, शक्य असेल तर सगळी एकाच रजिस्ट्रारकडे आणा, आणि तिथे नोंदवलेला ईमेल त्याच पाचांपैकी एखाद्या नावावरचा ठेवू नका, कारण ते नाव बंद पडलं तर बंद पडल्याची सूचनाही तुम्हाला मिळणार नाही.

भाऊ आता दरवर्षी जानेवारीत, पेट्या छापायला देण्याच्या आधी, वही काढून बसतो. पाच तारखा बघतो, १९ पत्ते एकेक करून उघडतो, आणि नव्या पेटीचा क्यूआर छापखान्याच्या कच्च्या प्रिंटवरच फोनने स्कॅन करून बघतो, पान आलं की मगच छापा म्हणून सांगतो.